ग्रामसभेत प्रश्न विचारायचा कसा? कबनूरच्या पोरापोरींसाठी, आणि तुमच्या गावासाठीही

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना आकडे लिहून घ्यायचे राहून गेले, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडचं तिकडं केलंय, बाकी गप्पा त्याच आहेत.

आजचा विषय तसा रोजचाच. नळाला पाणी कधी येतं, गटार कधी साफ होतं, कोपऱ्यावरचा दिवा किती दिवस बंद आहे. यावर आपण व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री बारापर्यंत भांडतो. पण जिथे हाच प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर देणं समोरच्यावर येतं, त्या जागी आपल्यातले फार कमी जण जातात. ती जागा म्हणजे ग्रामसभा.

कबनूर गाव आहे की शहर?

सुरुवात कबनूरपासून करू. हातकणंगले तालुका, इचलकरंजीला अगदी खेटून. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. इकडेही यंत्रमागांची खटखट, तिकडेही तीच. सायझिंग, वहिफणी, कांडीवाल्या बायका, पाळीला जाणारे कामगार, सगळं सारखंच.

जनगणनेच्या लेखी कबनूर शहर आहे. त्यांचे निकष तीन: लोकसंख्या किमान 5,000, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. कबनूर या तिन्हींच्या कितीतरी पुढे आहे. 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या तीस हजारांच्या वर होती. अशा गावांना जनगणनेत ‘गणना शहर’ म्हणतात. पण तिथला कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. म्हणजे मोजताना शहर आणि चालवताना गाव.

यात तोटे आहेत, ते सगळ्यांना माहीत आहेत. शहराएवढी माणसं आणि गावाएवढी यंत्रणा. पण एक मोठा फायदाही आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

शेजारची इचलकरंजी 2022 साली महानगरपालिका झाली. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत बोलतात नगरसेवक. तुम्ही-आम्ही फार तर प्रेक्षागृहात बसून ऐकायचं. शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण ती ग्रामसभेसारखी रुजलेली नाही. तुमच्या ओळखीत कुणी क्षेत्रसभेला जाऊन आलंय का, विचारून बघा. याउलट कबनूरमधला 18 वर्षांचा पोरगा किंवा पोरगी, मतदार यादीत नाव असेल तर, ग्रामसभेची सदस्य आहे. निमंत्रित नाही, प्रेक्षक नाही. सदस्य. उभं राहून प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो आणि हात वर करून मतही देता येतं.

उद्या कबनूरसारख्या गावाची नगरपरिषद झाली, तर निधी वाढेल, यंत्रणा मोठी होईल, पण ग्रामसभा जाईल. याच तालुक्यातली हुपरी आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. चांगलं की वाईट, तो वेगळा वाद. पण हातात आहे तोवर हा हक्क वापरला पाहिजे ना?

मासिक सभा वेगळी, ग्रामसभा वेगळी

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. निवडून आलेले सदस्य आणि सरपंच दर महिन्याला बसतात, ती मासिक सभा. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने, जी 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा दिली. अनुच्छेद 243-अ. आपल्या राज्यात तिचे तपशील 1958 च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात आहेत.

त्या कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारण 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी या तारखांच्या आसपास त्या होतात. योग्य कारण नसताना सभा घेतली नाही, तर सरपंचपद जाऊ शकतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती का? कारण मोठ्या सभेत पुरुषांच्या गर्दीपुढे बऱ्याच बायका बोलत नाहीत. आधी आपापसात बोलून विषय ठरवला, की मोठ्या सभेत तो जोरात मांडता येतो. तुमच्या आईला, वहिनीला, काकूला विचारा, ‘महिला सभेचं बोलावणं कधी आलंय का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ग्रामसभेत विचारायचा पहिला प्रश्न तुम्हाला मिळाला.

शंभर माणसांचं गणित

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नीट ऐका, म्हणजे वाचा.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, आपण ज्याला कोरम म्हणतो. नियम असा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते.

सातशे मतदारांचं गाव घ्या. 15 टक्के म्हणजे 105. कमी कोण? 100. म्हणजे शंभर लोक लागणार, सात माणसांमागे एक. आता समजा, एखाद्या मोठ्या गावात 25,000 मतदार आहेत. 15 टक्के म्हणजे 3,750. पण नियम म्हणतो कमी असेल ते, म्हणजे इथेही शंभरच. अडीचशे माणसांमागे एक!

म्हणजे एवढ्या मोठ्या गावाचा वर्षाचा आराखडा, घरकुलाचे लाभार्थी, रस्त्यांचा क्रम, हे सगळं शंभर माणसांच्या हजेरीत ठरू शकतं. आणि गोष्ट इथेच संपत नाही. शंभरही जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला कोरमची अटच नसते. पन्नास आले तरी चालते, तीस आले तरी चालते.

लोक म्हणतात, ‘ग्रामसभेला कोण जातंय, तिथं सगळं आधीच ठरलेलं असतंय.’ अहो, आपण जात नाही म्हणून तर ते आधी ठरवता येतं. तीस माणसांच्या सभेत पुढाऱ्याची वीस माणसं असली की झालं. आणि याच गणिताची दुसरी बाजू बघा. तुमच्या गल्लीतले, तुमच्या मंडळातले चाळीस जण जरी गेले, तरी त्या सभेचं वजन बदलतं. गणपती मंडळाच्या बैठकीला एवढी पोरं सहज जमतात.

सभेत नेमकं काय चालतं?

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. नोटीस बोर्डावर लागते, दवंडी फिरते, हल्ली ग्रुपवरही फोटो येतो. त्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा. तारीख दिसली पाहिजे. त्यावर विषयपत्रिका असते. पहिला विषय जवळपास ठरलेला: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ शेवटचा विषयही ठरलेला: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’

बहुतेक लोक शेवटच्या विषयाची वाट बघत बसतात. तोवर दोन तास गेलेले असतात, माणसं उठून गेलेली असतात, माइक बंद पडलेला असतो. त्यामुळे दोन गोष्टी करा.

एक, तुमचा विषय सभेच्या आधीच लेखी द्या. साधा कागद, प्रति सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी. आपण ज्यांना ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत आलो, त्या दोन्ही पदांचं नाव 2024 मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं एकच करायचं ठरलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, सही, तारीख.

दोन, पहिल्या विषयाला झोपू नका. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात तेव्हाच कळतं, गेल्या वेळी काय ठरलं होतं आणि त्यातलं काय झालं. ‘गेल्या सभेत गटारीचा ठराव झाला होता, त्याचं पुढे काय झालं?’ हा प्रश्न विचारायची हीच वेळ. आणि आल्या आल्या हजेरी वहीत सही करा. सही नसेल, तर तुम्ही तिथे होता हे कागदावर कुठेच नसतं.

आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा अजिबात चुकवू नका. मागच्या वर्षीचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणातले शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं, चालू वर्षाची कामं, हे सगळं त्या सभेपुढे ठेवायचं असतं. पैशाचं विचारायचं तर त्या दिवशी.

प्रश्न असा विचारा की उत्तर द्यावंच लागेल

आता मुद्द्यावर येऊ. दोन प्रश्न बघा.

पहिला: ‘पाणी आठ-आठ दिवस येत नाही, तुम्ही करताय तरी काय?’

दुसरा: ‘सरपंचसाहेब, या वर्षीच्या आराखड्यात पाण्यासाठी किती रक्कम धरली आहे, त्यातली आजपर्यंत किती खर्च झाली, आणि आमच्या गल्लीची पाइपलाइन त्यात आहे का? असेल तर कितव्या क्रमांकावर?’

पहिल्याला टाळ्या पडतात. उत्तर काय येतं? ‘प्रयत्न चालू आहेत, लवकरच मार्गी लावतो.’ संपलं. दुसऱ्याला टाळ्या पडत नाहीत, पण उत्तर आकड्यात द्यावं लागतं. आकडा माहीत नसेल, तर ‘पुढच्या सभेत माहिती देऊ’ असं म्हणावं लागतं. आणि ते म्हटलं की लगेच, शांतपणे, म्हणायचं: ‘साहेब, हे प्रोसिडिंगला घ्या.’

हे वाक्य पाठ करून ठेवा. प्रोसिडिंग म्हणजे इतिवृत्ताची वही. सभेत कितीही बोललात आणि त्याची नोंद झाली नाही, तर सहा महिन्यांनी तुम्ही ते बोलला होता हे कुणी मानणार नाही. विषय ठरावापर्यंत गेला, तर तिथे सूचक आणि अनुमोदक लिहितात. सूचक म्हणजे मांडणारा, अनुमोदक म्हणजे पाठिंबा देणारा. म्हणून एकटे जाऊ नका. अनुमोदन द्यायला शेजारी कुणीतरी हवं. आणि निघताना ठरावाचा क्रमांक विचारून घ्या.

प्रश्न एका वेळी एकच. पाणी, दिवे, डांबर, शाळा सगळं एकदम विचारलं, की त्यातल्या सगळ्यात सोप्याचं उत्तर देऊन बाकीचं सोडून दिलं जातं. चौघं मित्र असाल, तर चार प्रश्न वाटून घ्या.

पैशाचं आधी बघून जा

हे काम मोबाइलवर होतं, आणि तिथे आपण आपल्या वडीलधाऱ्यांपेक्षा पुढे आहोत. केंद्र सरकारचं ‘ई-ग्रामस्वराज’ नावाचं संकेतस्थळ आणि अॅप आहे. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की विकास आराखडा आणि खर्चाच्या नोंदी बघता येतात. सभेच्या आदल्या रात्री अर्धा तास द्या, स्क्रीनशॉट काढा.

काय बघायचं? 15 व्या वित्त आयोगाचा निधी हे ग्रामपंचायतीच्या हातातलं एक मोठं साधन राहिलं आहे. आपल्या राज्यात ग्रामीण भागासाठीच्या या निधीतला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि उरलेला 10-10 टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. 2021-22 पासूनच्या पाच वर्षांत त्यातला 60 टक्के निधी ‘बंधित’ होता. बंधित म्हणजे ठरवून दिलेल्या कामासाठीच: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे पाणी आणि गटार या दोन्हींसाठी पैसा वेगळा काढून ठेवलेला होता. ‘निधीच नाही’ असं उत्तर आलं, तर ‘बंधित निधी किती आला आणि तो कुठल्या कामावर गेला?’ असं विचारता येतं.

दुसरं, ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, म्हणजे आपल्याच खिशातले पैसे. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गल्लीत कुणी दिव्यांग आहे? मग हा प्रश्न घेऊन जा: ‘5 टक्के दिव्यांग निधी यंदा किती झाला आणि किती जणांपर्यंत पोहोचला?’ फार साधा प्रश्न आहे. पण कुणाच्या तरी घरी त्यातून मदत येऊ शकते.

पाण्याबद्दल एक आठवण करून देतो. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. हजारो लोक आजारी पडले, काही जण दगावले. त्या वेळी शाळेत असलेल्यांना ती आठवत असेल. ही कावीळ दूषित पाण्यातून पसरते. त्यामुळे ‘पाण्याचे नमुने शेवटचे कधी तपासले, आणि अहवाल काय आला?’ हा प्रश्न पंचगंगेच्या काठावरच्या प्रत्येक गावात, प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. साथ आल्यावर विचारून उपयोग नसतो.

उत्तर मिळालं नाही तर?

सभा संपल्यावर खरं काम सुरू होतं. आठ-पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत जाऊन इतिवृत्ताची प्रत मागा. आधी सरळ मागा, हसतमुखाने. नाही मिळाली, तर माहिती अधिकार कायदा, 2005. अर्जाला 10 रुपये. एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांपर्यंत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं, तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

अर्जात भाषण नको. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची आणि हजेरी पत्रकाची प्रत मिळावी’, एवढंच लिहा. इतिवृत्तात तुमचा प्रश्न नसेल, तर पुढच्या सभेत पहिल्याच विषयाला, इतिवृत्त कायम करताना, हरकत घ्या. त्यानंतरची पायरी पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘कागद काय आहेत?’ तेव्हा नोटिशीचा फोटो, अर्जाची पोच, ठरावाचा क्रमांक हे सगळं कामाला येतं.

एका ठरावाने काय होतं? हेरवाडला विचारा

‘असल्या सभांनी काय बदलतंय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं, हे आपल्या गावात होऊ द्यायचं नाही, असं गावाने ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं पाऊल उचलायला सांगितलं.

लक्षात घ्या, ठरावाने एका रात्रीत घराघरातली रीत बदलत नाही. तो काही फौजदारी कायदा नव्हे. पण एखाद्या घरात तो प्रसंग आला आणि सून किंवा मुलगी म्हणाली, ‘मी बांगड्या फोडणार नाही’, तर ती एकटी पडत नाही. तिच्यामागे गावाचा ठराव असतो. एका गावाच्या सभेत झालेली गोष्ट मंत्रालयापर्यंत पोहोचली, तीही काही आठवड्यांत.

आणि भीतीचं काय?

हे प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. गावात सगळे ओळखीचे. सरपंच भावकीतले, सदस्य वडिलांचे मित्र, ज्यांच्या कारखान्यात दादा कामाला तेच पुढच्या खुर्चीत. तुम्ही उभे राहिलात की मागून आवाज येतो, ‘ए पोरा, बस खाली, तुला काय कळतंय?’ रात्री घरी कुणीतरी येऊन सांगतं, ‘जरा पोराला समजवा की.’ हे होतं. पोरींच्या बाबतीत तर जास्तच होतं.

यावर जादूचा उपाय नाही. पण काही गोष्टींनी फरक पडतो. एकटं न जाता चौघं-पाचजण जा. माणसावर न बोलता कामावर बोला. ‘तुम्ही खाल्ले’ असं म्हणू नका, ‘खर्च किती झाला?’ असं विचारा. आरोप केला की भांडण होतं आणि भांडणात प्रश्न वाहून जातो. गल्लीतल्या एखाद्या आजींना, काकूंना पुढे बोलायला सांगा. ‘बस खाली’ म्हणणारे त्यांना तसं म्हणायच्या आधी दोनदा विचार करतात. आणि जे काम चांगलं झालंय, ते चांगलं झालंय असं सभेतच सांगा. सरपंचही माणूसच आहे. फक्त शिव्या खायला कुणीच येत नाही.

एक गोष्ट राहिली. ग्रामसभेत मत द्यायचं तर मतदार यादीत नाव हवं. 18 पूर्ण झाली असतील तर फॉर्म 6 भरा. आता वर्षात चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. 17 पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. मोबाइलवरून होतं.

आणि ज्यांची नावं इथल्या यादीत नाहीत, त्यांचाही विचार करा. आपल्या भागातले माग चालवायला उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, कर्नाटकातून माणसं येतात. वर्षानुवर्षं इथेच राहतात, त्याच नळाचं पाणी पितात. पण त्यांची नावं गावाकडच्या यादीत असतात. त्यांना इथल्या ग्रामसभेत हात वर करता येत नाही. त्यांच्या खोल्यांसमोरच्या गटाराचा प्रश्न विचारायचा असेल, तर तो तुम्हालाच विचारावा लागेल.

तर या वेळचा गृहपाठ. एक, पुढच्या ग्रामसभेची तारीख काढा. दोन, ई-ग्रामस्वराजवर आपल्या ग्रामपंचायतीचं पान उघडून बघा. तीन, एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर आकड्यात किंवा तारखेत येईल, तो आधी लेखी द्या आणि पोच घ्या. प्रश्न तयार झाला की आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. सभेत काय उत्तर आलं, तेही कळवा. पुढच्या एखाद्या भागात तुमचे प्रश्न आणि तुम्हाला मिळालेली उत्तरं ऐकवू.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, जाताना पेन घेऊन जा. हजेरी वहीजवळचा पेन कधीच चालत नसतो!